फाइल माझ्याकडे आहे: म्यूझमधले संकेतस्थळ वेबफ्लोमध्ये नेताना

एका प्रशिक्षण संस्थेचे ४६ पानांचे संकेतस्थळ अ‍ॅडोबी म्यूझ या संकेतस्थळे रचण्याच्या सॉफ्टवेअरमधून वेबफ्लो या तशाच दुसऱ्या साधनात नेण्याचे काम आम्ही तिघांनी २०१९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत केले. रचनेचे काम करणाऱ्या दोन सहकारी आणि मजकुरासह एकूण नियोजन पाहणारा मी, एवढाच आमचा गट होता. मजकुराबाबत शेवटचा शब्द संस्थेच्या समन्वयक बाईंचा असे. आमचा मूळ अंदाज सहा आठवड्यांचा होता आणि तो साफ चुकला. तो कशामुळे चुकला हे नोंदवून ठेवावे म्हणून हे प्रकरण लिहीत आहे, कारण वाढलेला वेळ नवे सॉफ्टवेअर शिकण्यात फारसा गेलाच नाही. जुन्या संकेतस्थळात नेमके काय काय आहे हे ते तयार करणाऱ्या आम्हालाच पुरते ठाऊक नव्हते आणि ते शोधण्यात तो गेला.

मुदत आणि तिच्यामागचे कारण

म्यूझची चाचणी आवृत्ती ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि मे २०१२ पासून ते सॉफ्टवेअर वर्गणीवर मिळू लागले. कोड न लिहिता संकेतस्थळ तयार करता यावे, हा त्याचा हेतू होता आणि छापील पाने लावण्याची सवय असलेल्यांना ते पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटे: मास्टर पान, परिच्छेदांच्या शैली, चौकटी, मार्गदर्शक रेषा, सगळे इनडिझाइन या छापील पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरच्या वळणाचे. २६ मार्च २०१८ रोजी अ‍ॅडोबीने जाहीर केले की म्यूझमध्ये यापुढे नव्या सोयी येणार नाहीत आणि २६ मार्च २०२० नंतर त्याला तांत्रिक साहाय्यही मिळणार नाही. या क्षेत्रात अशी निवृत्ती नवी नव्हती. संकेतस्थळे तयार करण्याच्या फ्रंटपेज या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००३ ची होती आणि २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते बंद केले. तशाच कामाचे गोलाइव्ह २००८ मध्ये थांबले. फरक इतकाच की या वेळी दोन वर्षांची आगाऊ सूचना मिळाली होती, आणि तिच्यातले जवळजवळ दीड वर्ष आम्ही काहीही न करता घालवले.

त्या निष्क्रियतेला एक तर्क होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. म्यूझ शेवटी साध्या एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा), सीएसएस (पानाचे रूप) आणि चित्रांच्या फायली काढून देते. त्या एकदा सर्व्हरवर चढवल्या की पाहणाऱ्याच्या दृष्टीने म्यूझ अस्तित्वात आहे की नाही याने काहीच बदलत नाही. २७ मार्च २०२० रोजी आमचे एकही पान बंद पडणार नव्हते. संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअरही त्या दिवशी उघडायचे थांबणार नव्हते. मग घाई कशाची, असा प्रश्न संस्थेने विचारला आणि आम्हालाही तो रास्त वाटला.

उत्तर मुदतीत नव्हते, ते आमच्या रोजच्या कामात होते. संपूर्ण संकेतस्थळ म्हणजे एकच फाइल, आणि ती एका वेळी एकाच व्यक्तीने उघडायची. त्यामुळे आमच्या गटाच्या संदेशांत एक वाक्य वारंवार दिसे: ‘फाइल माझ्याकडे आहे.’ याचा अर्थ, आता दुसऱ्या कोणी हात लावू नये. एका सूचनेतली तारीख बदलायची तरी समन्वयक बाईंनी मला कळवायचे, मी फाइल कोणाकडे आहे ते विचारायचे, तिने ती उघडून बदल करायचा, पुन्हा निर्यात करायची, म्हणजे तिच्यातून पानांच्या फायली काढायच्या, आणि त्या सर्व्हरवर चढवायच्या. जुलै २०१९ मध्ये एका प्रवेशसूचनेतली चुकीची तारीख दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले, कारण फाइल जिच्याकडे होती ती सहकारी प्रवासात होती. संकेतस्थळ हलवण्याचा निर्णय त्याच आठवड्यात झाला. अ‍ॅडोबीच्या मुदतीने त्याला फक्त तारीख दिली.

पर्याय

सर्वांत स्वस्त वाटणारा पर्याय आम्ही आधी तपासला. म्यूझने काढून दिलेला कोड ड्रीमवीव्हर या कोड संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा आणि यापुढे तोच हाताने सांभाळायचा, असा तो बेत होता. कोड उघडला, पण तो माणसाने वाचावा म्हणून लिहिलेला नव्हता. प्रत्येक चौकटीला ‘यू’ अक्षर आणि त्यापुढे आकडा अशी स्वतंत्र ओळख होती, आणि जागा, रुंदी, अंतर यांचे नियम त्या त्या ओळखीला बांधलेले होते. पाहणाऱ्याला २७ अभ्यासक्रमांची २७ पाने एकाच साच्यातली दिसत. कोडमध्ये मात्र ती २७ स्वतंत्र रेखाटने होती. शिवाय हा रस्ता एकतर्फी होता. निर्यात केलेल्या कोडमध्ये हाताने केलेला बदल म्यूझमध्ये परत आणता येत नाही, आणि पुढच्या निर्यातीत तो पुसला जातो.

तयार थीम, म्हणजे आधीच रचलेले रूप, घेऊन संकेतस्थळ चालवण्याच्या वर्डप्रेसचाही विचार झाला. तो नाकारण्याचे कारण तांत्रिकपेक्षा माणसांचे होते. आमच्या दोघी रचनाकार कोड लिहीत नाहीत, आणि तयार थीमच्या चौकटीत काम करणे त्यांना मान्य नव्हते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या वेबफ्लोमध्ये डोळ्यांसमोर रचना करता येते, ब्राउझरमध्येच काम होते, मजकूर सांभाळणाऱ्याला रचनेला धक्का न लावता शब्द बदलता येतात, आणि एकसारख्या पानांसाठी ‘कलेक्शन’ नावाची सोय आहे: २७ अभ्यासक्रमांची माहिती एका तक्त्यात भरायची आणि पानाचा साचा एकदाच रचायचा. निर्णयाच्या कागदावर आम्ही त्याची उणी बाजूही लिहून ठेवली. वेबफ्लोमधून कोड बाहेर काढता येतो, पण कलेक्शनमधला मजकूर त्या कोडबरोबर येत नाही, तो वेगळ्या सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फायलीत घ्यावा लागतो. फॉर्मही बाहेरच्या सर्व्हरवर आपोआप चालत नाहीत. म्हणजे एका कंपनीच्या दारातून निघून दुसरीच्या दारात जाणे होतेच. निदान मजकूर तक्त्याच्या रूपात हाती राहील, एवढ्यावर आम्ही समाधान मानले.

पहिला पंधरवडा

म्यूझची फाइल वेबफ्लोमध्ये उघडता येत नाही आणि निर्यात केलेली पानेही तिथे थेट घेता येत नाहीत. सगळे नव्याने रचावे लागणार हे आम्हाला माहीत होते. पण नव्याने रचणे म्हणजे काय, याची आमची कल्पना चुकीची होती. जुन्या मुख्यपानाचे चित्र एका पडद्यावर आणि वेबफ्लो दुसऱ्या पडद्यावर ठेवून आम्ही ते पान हुबेहूब उतरवायला घेतले. म्यूझमध्ये चौकट जिथे सोडावी तिथे बसते. वेबफ्लोमध्ये ती तशी बसेना, म्हणून सहकाऱ्यांपैकी एकीने ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हा पर्याय शोधला, म्हणजे चौकट वरून इतक्या आणि डावीकडून इतक्या पिक्सेलवर खिळवून टाकायची. तिसऱ्या दिवशी पान रुंद पडद्यावर जुन्यासारखे दिसू लागले. फोनच्या रुंदीला ते पाहिले तेव्हा अकरा चौकटी एकमेकींवर चढल्या होत्या. एक-एक चौकट प्रत्येक रुंदीला सरकवण्यात पुढचे आठ दिवस गेले आणि त्यानंतर आम्ही ते सगळे काम टाकून दिले.

नेमके काय चुकत होते हे आम्हाला अभ्यासक्रमांच्या यादीतल्या एका कार्डाने शिकवले. जुन्या फाइलमध्ये कार्ड म्हणजे ३०० पिक्सेल रुंद आणि २२० पिक्सेल उंच आयत, त्यावर शीर्षक, त्याखाली कालावधीची ओळ आणि तळाशी बटन. चारही गोष्टी एकमेकींना अनोळखी होत्या. फक्त जवळजवळ ठेवल्या होत्या म्हणून त्यांचे कार्ड दिसे. एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव दोन ओळींचे झाले की रचनाकार कालावधीची ओळ २४ पिक्सेल खाली घेई, आयत तितकाच वाढवी, बटन सरकवी आणि मग रांगेतली शेजारची दोन कार्डे त्याच उंचीची करी. हा २४ चा आकडा कुठेही लिहिलेला नव्हता. दोघींच्या हातांना तो पाठ होता, आणि आम्ही विचारेपर्यंत आपण तो वापरतो हे त्यांच्याही लक्षात आलेले नव्हते.

वेबफ्लोमध्ये तेच कार्ड रचताना उलट बाजूने विचार करावा लागला. कार्ड ही एक पेटी. तिच्या आत शीर्षक, ओळ आणि बटन वरून खाली एका रांगेत. शीर्षक आणि ओळ यांच्यात १२ पिक्सेल. बटनाच्या वरच्या अंतराला ‘ऑटो’, म्हणजे उरलेली सगळी जागा त्याने घ्यायची आणि तळाला जाऊन बसायचे. तीन कार्डे एका ग्रिडमध्ये, म्हणजे रांगा-स्तंभांच्या जाळीत, ठेवली की रांगेतल्या सर्वांत उंच कार्डाइतकी बाकीची आपोआप ताणली जातात. नाव दोन ओळींचे होवो वा तीन, कोणीही काहीही सरकवायचे नाही. या एका कार्डाला अडीच दिवस लागले आणि त्यानंतर २७ अभ्यासक्रमांची यादी एका दुपारी उभी राहिली. सहकाऱ्यांच्या शब्दांत सांगायचे तर पूर्वी त्या पानावर वस्तू ‘ठेवत’, आता त्यांना वस्तूंचे एकमेकींशी नाते ‘सांगावे’ लागत होते. जे नाते आजवर डोळ्यांनी जपले ते शब्दांत किंवा आकड्यांत मांडणे, ही या बदलातली सर्वांत दमवणारी गोष्ट होती असे माझे मत आहे. वेबफ्लोची बटने कुठे आहेत हे शिकायला त्यामानाने चार दिवस पुरले.

क्लास, म्हणजे अनेक वस्तूंना एकत्र लागू होणाऱ्या शैलीचे नाव, ही कल्पनाही अशीच अडखळवणारी ठरली. म्यूझमध्येही शैली जपून ठेवता येतात, पण आमच्या फाइलमध्ये त्या अर्धवटच वापरल्या होत्या. एखादे शीर्षक गडद हवे असेल तर तेवढेच निवडून गडद केले जाई. वेबफ्लोमध्ये एका पानावरचे बटन लाल केले की तो क्लास असलेले प्रत्येक बटन लाल होते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सूचनेच्या पानासाठी असा बदल झाला आणि चाचणीच्या पत्त्यावर संपूर्ण संकेतस्थळाची बटने लाल होऊन बसली. नुकसान काही झाले नाही, पण त्यानंतर नियम केला: आधी मूळ क्लास, आणि वेगळेपणासाठी त्याला जोडलेला दुसरा क्लास, नावे वस्तूच्या कामावरून ठेवायची, रंगावरून नाही, आणि नवा क्लास करण्यापूर्वी नमुन्यांच्या पानावर तो आधीपासून आहे का ते पाहायचे. नमुन्यांचे ते पान, ज्यावर प्रत्येक शीर्षक, बटन, कार्ड आणि फॉर्मचा एकेक नमुना आहे, कोणाला दाखवण्यासाठी नव्हते, पण पुढे आमच्या सर्वाधिक वापरातले पान तेच ठरले.

जुन्या फाइलमध्ये सापडलेल्या गोष्टी

२०१४ मध्ये संकेतस्थळ रचले तेव्हा म्यूझमध्ये एकाच पानाला वेगवेगळ्या रुंदींना जुळवून घेण्याची ब्रेकपॉइंटची सोय नव्हती. ती २०१६ मध्ये आली. त्यापूर्वी संगणकासाठी एक मांडणी आणि फोनसाठी दुसरी, अशी पाने स्वतंत्र रचली जात. निर्यातीत फोनची पाने वेगळ्या फोल्डरमध्ये जात आणि फोनवरून येणाऱ्याला तिकडे वळवले जाई. आम्ही नंतर ती पद्धत बदलली नव्हती. म्हणजे ४६ पाने म्हणताना प्रत्यक्षात ९२ होती, आणि दोन्ही मांडण्यांतला मजकूर आम्ही वेगवेगळा टंकला होता.

कलेक्शनचा तक्ता भरताना मी दोन्हीकडचा मजकूर शेजारी शेजारी ठेवला. सहा अभ्यासक्रमांचा कालावधी संगणकाच्या पानावर एक आणि फोनच्या पानावर दुसरा होता. एका ठिकाणी १२ आठवडे, तर त्याच अभ्यासक्रमाच्या फोनच्या पानावर १०. विद्यार्थी कोणत्या उपकरणावरून पाहतो यावर त्याला मिळणारी माहिती ठरत होती, आणि हे किती काळ चालले होते ते सांगण्याची सोय नव्हती. समन्वयक बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “दहा की बारा ते मलाही खात्रीने सांगता येणार नाही, मी शिक्षकांनाच विचारते.” सहाही उत्तरे यायला तीन आठवडे लागले. संकेतस्थळ हलवण्याच्या वेळापत्रकात ‘शिक्षकांना विचारणे’ अशी ओळ कोणी लिहीत नाही, आम्हीही लिहिली नव्हती.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. मजकूर नकलून घेताना १९ शीर्षके निवडताच येईनात. ती अक्षरे नव्हतीच, चित्रे होती. म्यूझमध्ये वेबफॉन्ट, म्हणजे पानाबरोबरच पाहणाऱ्याकडे पोचणारा फॉन्ट, न वापरता रचनाकाराच्या संगणकावरचा फॉन्ट निवडला तर तो मजकूर निर्यातीत चित्र म्हणून जातो, कारण तो फॉन्ट पाहणाऱ्याच्या यंत्रावर असेलच याची खात्री नसते. सॉफ्टवेअर ते करताना खूणही दाखवते. आम्ही तिच्याकडे पाच वर्षांपूर्वी दुर्लक्ष केले होते. मोठ्या पडद्यांवर ही शीर्षके किंचित अंधुक दिसतात हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याचा दोष आम्ही पडद्यांना देत आलो होतो. आता तोच फॉन्ट खऱ्या अक्षरांसाठी वापरायचा तर आमच्याकडे त्याचा संगणकापुरता परवाना होता, संकेतस्थळासाठीचा नव्हता. संस्थेला नवा परवाना नको होता, म्हणून जवळचा मोफत वेबफॉन्ट निवडला. तो जरा रुंद होता, त्यामुळे पूर्वी एका ओळीत बसणारी सात शीर्षके दोन ओळींची झाली. जुन्या पद्धतीत ही सात दुपारांची डोकेदुखी होती; पेट्यांच्या पद्धतीत आम्ही फक्त पाहून घेतले आणि पुढे गेलो.

पडद्याच्या रुंदीबाबत एकच नोंद पुरेशी आहे. वेबफ्लोमध्ये संगणकाची रचना मूळ धरली जाते आणि ९९१, ७६७ व सुमारे ४८० पिक्सेलच्या खाली ती बदलत नेता येते; वरचा बदल खाली झिरपतो, खालचा वर जात नाही. हे दिशेचे भान येईपर्यंत फोनची दुरुस्ती संगणकाच्या दृश्यात करून दोन्ही बिघडवण्याचे प्रकार झाले. एका आठवड्यात ते थांबले.

पत्ते

या कामात ज्या भागाकडे सर्वांत उशिरा लक्ष गेले तो पानांच्या पत्त्यांचा होता, आणि माझ्या मते चुकला असता तर सर्वांत महागही तोच पडला असता. म्यूझमधून निघालेल्या पानांच्या पत्त्यांच्या शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ असते. वेबफ्लोच्या पत्त्यांना ते शेपूट नसते. म्हणजे नाव तेच ठेवले तरी एकही जुना पत्ता जसाच्या तसा चालणार नव्हता. शोधयंत्रे, जुनी ईपत्रे, विद्यार्थ्यांनी जपून ठेवलेले दुवे आणि इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे, सगळे तुटले असते. उपाय सर्वांना माहीत असतो: प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ प्रकारचे, म्हणजे कायमचे, वळण लावायचे. ३०२ तात्पुरते असते आणि पान कायमचे हलले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

अडचण यादीची होती. म्यूझच्या आराखड्यात ४६ पाने होती आणि फोनच्या मांडणीसह ९२ पत्ते झाले. सर्व्हरवरचे फोल्डर उघडले तेव्हा आणखी २१ पाने निघाली: वर्षानुवर्षे आराखड्यातून काढलेली, पण सर्व्हरवरून कधीच न पुसलेली. त्यांतली काही अजून शोधात येत होती आणि सर्व्हरच्या नोंदींप्रमाणे त्यांवर लोक पोचतही होते. एक पान २०१५ च्या प्रवेशांचे होते. अशा एकूण ११३ पत्त्यांचा तक्ता केला आणि प्रत्येकासमोर नवे ठिकाण लिहिले. ज्या जुन्या पानाला नवे समकक्ष नाही ते मुख्यपानाकडे वळवायचे नाही, जवळच्या विषयाच्या पानाकडे वळवायचे, असे ठरवले. कारण विशिष्ट अभ्यासक्रम शोधत आलेल्याला मुख्यपान दाखवणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवण्यासारखे आहे.

१२ लघु अभ्यासक्रम मात्र वेगळाच पेच घेऊन आले. जुन्या संकेतस्थळावर ते एका लांबलचक पानावर होते आणि प्रत्येकाच्या जागेपर्यंत नेणारा दुवा ‘हॅश’ (#) चिन्हाने जोडलेला होता. असे दुवे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे पाठवले होते. नव्या रचनेत प्रत्येक लघु अभ्यासक्रमाला स्वतःचे पान मिळाले. पण पत्त्यातला हॅशपुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे सर्व्हरवरच्या वळणाला बाराही दुवे एकच दिसतात आणि त्यांना वेगवेगळ्या पानांकडे पाठवता येत नाही. उत्तर ब्राउझरच्याच दुसऱ्या सवयीत मिळाले: वळणाच्या नव्या पत्त्यात हॅश नसेल तर ब्राउझर जुना हॅश पुढे सोबत नेतो. म्हणून आम्ही जुने पान यादीच्या नव्या पानाकडे वळवले आणि यादीतल्या बारा कार्डांना तीच जुनी ओळखनावे दिली. जुना दुवा दाबणारा आता नेमक्या कार्डापाशी पोचतो आणि तिथून एका टिचकीवर त्याचे पान उघडते. या सगळ्यावर दीड तास खर्च झाला. हा पेच लक्षात आला मात्र केवळ योगायोगाने, एका शिक्षकांनी जुना दुवा चालतो का असे विचारल्यामुळे.

बदलाचा दिवस

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी बदल केला. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नोंदी इतर यंत्रांनी किती वेळ जपून ठेवायच्या हे सांगणारा आकडा चार दिवस आधीच ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला होता, म्हणजे चूक झाली तर पाच मिनिटांत मागे फिरता येईल. या तयारीचा आम्हाला थोडा अभिमानच होता. प्रत्यक्षात माझ्याकडून एक-दोन नोंदी बदलण्याऐवजी नेमसर्व्हरच, म्हणजे या सगळ्या नोंदी सांभाळणारे सर्व्हरच, बदलले गेले. नव्या नेमसर्व्हरवर संकेतस्थळाच्या नोंदी होत्या, ईपत्रांचा रस्ता सांगणारी एमएक्स नोंद नव्हती. संकेतस्थळ व्यवस्थित उघडत होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. दुपारी समन्वयक बाईंनी सकाळपासून एकही पत्र आले नसल्याचे कळवले तेव्हा कारण उमगले.

तेव्हा नेमसर्व्हर मागे फिरवण्याचा मोह झाला, आणि तो आवरला हे बरे झाले. नेमसर्व्हरचा बदल आमच्या ३०० सेकंदांच्या हिशेबात येत नव्हता; त्याचा कालावधी वरच्या पातळीवर ठरतो आणि तो बराच मोठा असतो. त्यामुळे मागे फिरण्याऐवजी नव्या ठिकाणीच एमएक्स नोंद आणि ईपत्रांशी संबंधित इतर नोंदी भरल्या. पत्र पोचले नाही तर पाठवणारे सर्व्हर सहसा काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, म्हणून बहुतेक पत्रे संध्याकाळपर्यंत उशिराने का होईना, येऊन दाखल झाली. संकेतस्थळ हलवताना ईपत्रांचा काही संबंध येईल असे संस्थेला कोणीच सांगितले नव्हते. ते सांगणे माझे काम होते.

त्यानंतर

पहिल्या महिन्यात न सापडलेल्या पानांच्या नोंदी रोज पाहिल्या. तक्त्यात राहून गेलेले नऊ पत्ते निघाले, त्यांतले बहुतेक थेट पीडीएफ फायलींचे होते. पाने मोजताना आम्ही फायली मोजल्याच नव्हत्या.

समन्वयक बाई आता तारखा आणि सूचना स्वतः बदलतात. पहिले दोन आठवडे त्या प्रत्येक बदलानंतर मला विचारत, नंतर थांबल्या. अभ्यासक्रमाचा कालावधी तक्त्यात एकदाच लिहिलेला असतो आणि यादीत, पानावर, फोनवर तोच दिसतो. सगळ्यांचेच समाधान झाले असे मात्र नाही. दोघींपैकी एक सहकारी अजून म्हणते की रिकाम्या पानावर मोकळ्या हाताने काहीतरी मांडून पाहण्याची जी मजा म्यूझमध्ये होती ती इथे नाही. वेबफ्लोमध्ये पहिल्याच चौकटीला ती कोणाच्या आत आहे ते सांगावे लागते. तिचे म्हणणे मला पटते. ती आता कल्पना कागदावर काढते आणि मग वेबफ्लो उघडते. मुख्यपानावर स्क्रोलबरोबर सरकणारी चित्रे होती, ती आम्ही पुन्हा रचलीच नाहीत आणि त्यांच्याविषयी कोणी विचारलेही नाही.

म्यूझची फाइल, तिची शेवटची निर्यात आणि सर्व ९२ पानांच्या पीडीएफ प्रती एका ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. फाइल पुढे उघडेलच याची शाश्वती नसल्यामुळे पीडीएफची भर घातली. जुना संगणकही म्यूझसह तसाच ठेवला आहे. त्यानंतर ती फाइल एकदाच उघडली, मुख्यपानावरच्या मोठ्या छायाचित्राची मूळ प्रत छपाईसाठी हवी होती तेव्हा. म्यूझ उघडले, पानही दिसले, पण चित्रांच्या यादीत त्या छायाचित्रापुढे ते सापडत नसल्याची खूण होती. फाइलमध्ये मूळ चित्र कधी नव्हतेच, त्याचा फक्त पत्ता होता, आणि तो पत्ता २०१६ मध्ये बदललेल्या एका डिस्कवरचा होता. छपाईला शेवटी संकेतस्थळावरचीच लहान प्रत पाठवावी लागली.